इम्प्लांट आणि शेजारचा नैसर्गिक दात: हिरडीची सुरुवातीची सूज वेळेत कशी पकडायची?

तासगाव_दंत

नमस्कार. तासगावात जनरल प्रॅक्टिस आहे. इम्प्लांट (हाडात बसवलेला टायटेनियमचा खुंट, त्यावर दाताची कॅप) बसवून दोन-चार वर्षं झालेले पेशंट आता तपासणीला यायला लागलेत. बहुतेकांच्या तोंडात एकदोन इम्प्लांट आणि बाकी स्वतःचे दात. हाड जाण्याआधीच, नुसती हिरडी सुजलेली असतानाच ते लक्षात यावं म्हणून रीतसर पद्धत लावायची आहे. अडचणी अशा:

इम्प्लांटभोवती प्रोब (हिरडीच्या खाचेची खोली मोजायची बारीक सळई) किती दाबायचा, आणि धातूचा चालतो का? प्रोब काढल्यावर रक्ताचा एकच बारीक ठिपका दिसला तर ती सूज धरायची की आपला हात जड पडला म्हणायचं? आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू धरणारे पुरुष भरपूर, त्यांच्या हिरडीच्या रंगावरून काही कळत नाही. इम्प्लांट दुसऱ्या शहरात बसवलेलं असतं, जुना एक्स-रे नसतो. मग तुलना कशाशी करायची? आणि शेवटचं म्हणजे एमएमपी-८ (सुजेत वाढणारं एन्झाइम) तपासायच्या पट्ट्या. पेशंटला खर्च सांगावा इतका त्यांचा उपयोग आहे का?

मिरज_पेरिओ

डॉक्टर, पाचही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. सूज एका दिवसाच्या आकड्यावरून ओळखता येत नाही, त्याच जागेच्या आधीच्या आकड्याशी ताडूनच ओळखावी लागते. नैसर्गिक दाताला ३ मिमीपर्यंतची खोली आपण निरोगी धरतो. इम्प्लांटला असा ठरलेला आकडा नाही. हिरडी जाड असेल किंवा फिक्स्चर (हाडातला खुंट) खोल बसवलेलं असेल तर ५ मिमी खोली असूनही जागा ठणठणीत असू शकते. उलट पहिल्या नोंदीत २ मिमी असलेली जागा आज ४ मिमी भरली आणि रक्त आलं, तर तिच्याकडे लगेच लक्ष द्यायला हवं. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेतून जे वर्गीकरण आलं त्यानेही इम्प्लांटसाठी खोलीत झालेली वाढच महत्त्वाची मानली आहे.

इम्प्लांटकडे जास्त काटेकोर का पाहायचं ते आधी सांगतो. दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू आडवे येऊन सिमेंटममध्ये (मुळावरच्या कठीण थरात) रुतलेले असतात. इम्प्लांटच्या पृष्ठभागात ते रुतत नाहीत, समांतर किंवा वेढा घालून राहतात. पेरिओडॉन्टल लिगामेंट (दात आणि हाड जोडणारे तंतू) नाही, म्हणजे तिकडून येणारा रक्तपुरवठाही नाही. प्रोब जसा सहज आत सरकतो तशी सूजही हाडाकडे सरकते. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचं ब्रश करणं थांबवलं होतं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांना जिंजिव्हायटिस (हिरडीची सूज) झाला आणि ब्रश पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात हिरडी सुधारली. पुढे इम्प्लांटवर तसाच प्रयोग झाला तेव्हा सफाई सुरू करून तीन आठवडे उलटले तरी इम्प्लांटभोवतीची हिरडी पूर्ववत झालेली नव्हती. म्हणून म्युकोसायटिसची (हाड शाबूत असताना इम्प्लांटभोवती सुजलेल्या हिरडीची) सफाई केल्यावर पंधरा दिवसांत बोलावून निकाल लावू नका. फेरतपासणी २ ते ३ महिन्यांनी करा.

आता दाब. नैसर्गिक दाताला ०.२५ न्यूटन, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. इम्प्लांटला ०.१५ ते ०.२५ न्यूटन, म्हणजे १५ ते २५ ग्रॅम. हा दाब हाताला शिकवावा लागतो. दोन दशांशापर्यंत वजन दाखवणारा सोनाराचा डिजिटल काटा घ्या (विटा-खानापूर पट्ट्यात तो मिळायला अडचण नाही), त्यावर खोडरबराचा तुकडा ठेवून काटा शून्य करा, आणि प्रोबचं टोक रबरावर टेकवून २० ग्रॅमवर थांबायचा सराव करा. रोज सकाळी पाच मिनिटं, आठवडाभर. पहिल्या दिवशी बहुतेकांचा हात ५०-६० च्या पुढे जातो. तेवढ्या दाबाने निरोगी हिरडीतूनही रक्त येतं, आणि मग चार्टवरचं प्रत्येक लाल चिन्ह संशयास्पद होतं. असिस्टंट प्रोबिंग करणार असेल तर तिलाही हाच सराव द्या, आणि एका पेशंटचं प्रोबिंग दरवेळी शक्यतो एकाच हाताने होऊ द्या.

धातूचा बारीक प्रोब हलक्या हाताने वापरला तर इम्प्लांटचं नुकसान होत नाही. अडचण त्याच्या ताठपणाची आहे. इम्प्लांटवरची कॅप हिरडीपाशी एकदम फुगीर असते, ताठ प्रोब तिथल्या खांद्यावर अडतो आणि तुम्ही २ मिमी लिहिता, जेव्हा खरी खोली ५ असते. प्लास्टिकचा लवचिक प्रोब त्या वळणाला वळसा घालून जातो. प्रोब थांबला ती जागा बोटाला कशी लागते तेही बघा. हिरडीच्या तळाशी थांबला तर किंचित लवचिक, मऊ अडथळा जाणवतो. कॅपवर किंवा अबटमेंटवर (कॅप आणि फिक्स्चरमधल्या जोडावर) आपटला तर टणक. टणक लागलं तर कोन बदलून पुन्हा घ्या. स्टीलच्या क्युरेटची (खरवडायच्या हत्याराची) गोष्ट वेगळी. ते टायटेनियमवर ओरखडे पाडतात, त्यामुळे सफाईसाठी टायटेनियमचे क्युरेट किंवा प्लास्टिकचं टोक बसवलेला अल्ट्रासॉनिक घ्या.

तपासणीचा क्रम चुकला तर एक तपासणी दुसरीची वाट लावते. आधी नुसतं बघणं, हलक्या हवेने कोरडं करून. पट्टीवर हिरडीच्या खाचेतला द्राव घ्यायचा असेल तर तो इथेच, प्रोबिंगच्या आधी. मग बोटाने हिरडी मुळाकडून कॅपच्या दिशेने दाबून पू येतो का पाहणं. मग कॅप हलते का. मग प्रोबिंग: प्रत्येक दाताला आणि प्रत्येक इम्प्लांटला सहा जागा, बाहेरून तीन, आतून तीन. रक्त लगेच वाचू नका. चार-पाच दात पुढे जाऊन परत या, साधारण ३० सेकंदांनी वाचा. प्लाक (दातावरचा जंतूंचा थर) दाखवणारा रंग सगळ्यात शेवटी. तो आधी लावला तर लाल रंगात रक्त दिसणारच नाही.

ठिपक्याचं उत्तर हवं होतं, तर मोम्बेली यांचा सुधारित निर्देशांक वापरा. ० म्हणजे रक्त नाही, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे हिरडीच्या काठाने सलग लाल रेघ, ३ म्हणजे भरभरून. इम्प्लांटला सहापैकी एकाच जागी एकच ठिपका, बाकी हिरडी घट्ट, खोली आधीइतकीच, पू नाही, तर ते प्रोबच्या टोचण्यानेही होऊ शकतं. नोंद करा, पुढच्या वेळी त्याच जागी आधी बघा. सलग रेघ, थेंब किंवा एकाहून अधिक जागी रक्त म्हणजे म्युकोसायटिस धरून सफाई करा. पू दिसला तर ठिपका-रेघ विसरा, त्याच दिवशी एक्स-रे काढा.

रक्त न येणं ही रक्त येण्यापेक्षा जास्त भरवशाची खूण आहे. लांग आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या अभ्यासात दरवेळी रक्त न आलेली जागा स्थिर असण्याची शक्यता ९८ टक्के निघाली होती. हा अभ्यास नैसर्गिक दातांवरचा. एकदा रक्त आलं म्हणून दाताचा आधार सुटेल असं नाही, पण लागोपाठ चार भेटींत त्याच जागी रक्त आलं तर धोका साधारण ३० टक्क्यांपर्यंत जातो. नैसर्गिक दातांसाठी संपूर्ण तोंडाचा हिशोबही ठेवा. रक्ताच्या जागा १० टक्क्यांहून कमी तर हिरडी निरोगी, १० ते ३० टक्के म्हणजे ठरावीक भागातला जिंजिव्हायटिस, ३० च्या पुढे सर्वदूर. २८ दातांच्या १६८ जागा होतात, म्हणजे १७ व्या लाल चिन्हाला रेषा ओलांडली. इम्प्लांटच्या जागा या हिशोबात मिसळू नका, त्यांचा तक्ता वेगळा. मात्र शेजारच्या दाताचे आकडे त्याच ओळीत खाली लिहा. दोन्हीकडे रक्त असेल तर बहुधा पेशंटची सफाई कमी पडतेय. फक्त इम्प्लांटला असेल आणि शेजारचा दात स्वच्छ असेल तर कारण त्या इम्प्लांटपाशीच शोधा: कॅपचा आकार, कॅप चिकटवणारं सिमेंट, कॅप धरणारा स्क्रू.

तंबाखूवाल्यांत रंगाच्या मागे लागू नका. आपल्याकडे मुळातच हिरडीत मेलॅनिन असतं, त्यात मिश्री. हिरडीचा काठ सुरीसारखा पातळ आहे की गोल झालाय, पृष्ठभाग चमकतोय का, दोन दातांमधला त्रिकोण फुगलाय का, प्रोबच्या बाजूने दाबल्यावर खळगा राहतो का, हे बघा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांच्याबाबत ‘रक्त नाही’ या खुणेचा आधार घेऊ नका. खोली आणि एक्स-रे यांवर जास्त भर द्या. मिश्री किंवा तंबाखू जिथे धरतात तिथली पांढरट, जाड पडलेली चकती मात्र वेगळी बाब आहे. ती पुसून जात नसेल तर हिरडीची सूज म्हणून सोडू नका, तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीने तपासणीला पाठवा.

उलट दिशेने फसवणारी औषधंही लक्षात घ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्त सहज येतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींची हिरडी वाढून वर येते, हाड जागेवर असूनही खोली ५ मिमी दिसते. म्हणून नुसती खोली लिहू नका, कॅपच्या काठापासून हिरडीचा काठ कुठे आहे तेही लिहा.

जुना एक्स-रे नसेल तर २०१७ च्या वर्गीकरणातच सोय आहे: रक्त किंवा पू, सोबत खोली ६ मिमी किंवा जास्त, आणि इम्प्लांटच्या हाडात बसणाऱ्या भागाच्या वरच्या टोकापासून हाड ३ मिमी किंवा जास्त खाली, हे तिन्ही असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस (हाड झिजवणारी इम्प्लांटभोवतीची सूज) धरा. यापेक्षा कमी असेल तर आजची नोंद हीच पहिली नोंद. आरव्हीजी (एकदोन दातांचा छोटा डिजिटल एक्स-रे) आजच काढा. ओपीजीवर (सगळ्या जबड्याच्या एक्स-रेवर) हे मोजमाप करू नका, त्यात प्रतिमा किती मोठी दिसते ते जागोजागी बदलतं. होल्डर वापरून समांतर पद्धतीने, आणि फिल्म बरोबर आली की नाही याची खूण म्हणजे इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंचे आटे स्पष्ट, सुटे दिसले पाहिजेत. आटे धुरकट किंवा एकावर एक चढलेले दिसले तर कोन तिरका झालाय; हाडाची पातळी वाचू नका, पुन्हा काढा. इम्प्लांटची खरी लांबी माहीत असेल तर तीच मोजपट्टी. १० मिमीचं इम्प्लांट स्क्रीनवर ११ मिमी भरलं आणि हाडापर्यंतचं अंतर २.२ मिमी दिसलं, तर खरं अंतर २.० मिमी. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो, त्यावरून घाबरू नका. आणि गालाकडचं व जिभेकडचं हाड या फिल्मवर दिसतच नाही हे कायम ध्यानात ठेवा. तिथे प्रोब हेच साधन. सीबीसीटीतही (त्रिमितीय स्कॅनमध्ये) टायटेनियमच्या अगदी लगत सावल्या पडतात.

कऱ्हाड_प्रोस्थो

वर सरांनी ‘कारण त्या इम्प्लांटपाशीच शोधा’ म्हटलंय, तो भाग मी सांगते.

पहिली गोष्ट, शेजारच्या दाताशी असलेला संपर्क. इम्प्लांट हाडाशी जोडलेलं, त्यामुळे ते जागचं हलत नाही; नैसर्गिक दात मात्र वर्षानुवर्षं थोडे थोडे सरकत राहतात. कॅप बसवताना घट्ट असलेला संपर्क काही वर्षांनी उघडतो, विशेषतः पुढच्या दाताच्या बाजूचा. मग तिथे अन्न अडकतं आणि इम्प्लांट व दात दोघांचीही हिरडी सुजते. दरवेळी फ्लॉस घालून पाहा. कट् करून अडखळत गेला पाहिजे; सरळ सरकून गेला तर संपर्क सुटलाय. हे दुरुस्त न करता नुसती सफाई करत राहिलात तर तीन महिन्यांनी तेच रक्त पुन्हा दिसेल. स्क्रूची कॅप असेल तर काढून लॅबमध्ये त्या बाजूला पोर्सिलेन चढवून घेता येतं. सिमेंटची असेल तर बऱ्याचदा शेजारच्या दातावर फिलिंग करून जागा बंद करावी लागते.

दुसरी, सिमेंट. कॅपची कड हिरडीखाली दीड मिमीपेक्षा खोल असेल तर जादा सिमेंट पूर्ण निघत नाही असंच गृहीत धरा. झिंक फॉस्फेट आणि झिंक ऑक्साइडवाली सिमेंटं आरव्हीजीवर दिसतात, पण काही रेझिन सिमेंटं दिसत नाहीत, आणि गालाकडे उरलेलं कोणतंही सिमेंट इम्प्लांटच्या सावलीत लपतं. एकाच बाजूला खोली वाढलीय, तिथेच पू आहे, कॅप सिमेंटची आहे, असं असेल तर एक्स-रे स्वच्छ दिसला तरी बारीक एक्स्प्लोररने चाचपून पाहा. सिमेंट निघालं की सूज सहसा उतरते. नवीन कॅप सिमेंटने बसवणार असाल तर आधी बाहेर अबटमेंटच्या नकलेवर बसवून जादा सिमेंट तिथेच पुसून घ्या, मगच तोंडात. कॅपमध्ये सिमेंटचा नुसता पातळ थर राहिला पाहिजे.

तिसरी, ढिला स्क्रू. कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेलं असं नाही. बहुतेकदा स्क्रू सैल झालेला असतो. त्या फटीतून प्रत्येक चावण्याबरोबर जंतूंचा द्राव आत-बाहेर होतो, वास येतो, हिरडीवर फोड येतो. वरचं कंपोझिट काढा, खालची टेफ्लॉन टेप काढा, त्या कंपनीचाच ड्रायव्हर लावा. दुसऱ्याचा ‘बसतो’ म्हणून वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग पंचाईत. कॅप निघाली की हिरडीची आतली बाजू थेट दिसते. तिथे लालभडक आणि सहज रक्त येणारी असेल तर बाहेरून प्रोबिंग कितीही चांगलं आलेलं असो, सूज आहे. प्रोबिंगही कॅप काढूनच करा, आकडे खरे येतात. पण काम पटकन उरका; हिरडी काही मिनिटांतच आत मिटायला लागते आणि कॅप बसवताना ती पांढरी पडते, पेशंटला दुखतं. परत बसवताना नवा स्क्रू आणि कंपनीने दिलेलाच टॉर्क, बहुतेक सिस्टिमला २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर. मग आरव्हीजीवर फट नाही ना ते बघून टेफ्लॉन आणि कंपोझिट. स्क्रू घट्ट असून फिक्स्चरच हलत असेल तर हाडाशी जोड सुटलीय, ते वाचत नाही.

चौथी, आकार. हिरडीतून वर येताना कॅप एकदम पसरट आणि फुगीर असेल तर ब्रश तिथे पोचतच नाही. तो कोन ३० अंशांपेक्षा जास्त आणि बाहेरचा आकार फुगीर असेल तर पेरी-इम्प्लांटायटिस जास्त आढळतो. पेशंटच्या सफाईला नावं ठेवण्याआधी आपण त्याला सफाईची जागा ठेवलीय का ते पाहणं आपलं काम आहे. तुमच्या हातातला इंटरडेंटल ब्रश तिथे जात नसेल तर पेशंटच्या हातातला कसा जाणार? कॅप घासून जागा करा किंवा बदला.

तासगाव_दंत

सर, मॅडम, मनापासून आभार. एमएमपी-८ बद्दल कोणी सांगेल का? आणि ज्यांना रक्त येतं पण खोली वाढलेली नाही, अशांना पट्टीने काही वेगळं कळेल का?

सांगली_द्रावलॅब

हिरडीच्या खाचेतला द्राव गोळा करणं आणि त्याची तपासणी, एवढ्यावरच लिहितो.

एमएमपी-८ म्हणजे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींतून येणारा कोलॅजिनेज. तो हिरडीतलं कोलॅजन तोडतो, आणि त्याचं सक्रिय रूप द्रावात वाढलं म्हणजे तोडफोड आत्ता चालू आहे. प्रोबची खोली झालेलं नुकसान सांगते, हा आकडा चाललेलं सांगतो, म्हणून त्याची ओढ आहे. खुर्चीशेजारी करायच्या पट्टीचा उंबरठा २० नॅनोग्रॅम प्रति मिली ठेवलेला असतो. त्यावर दुसरी रेघ उमटते. निकाल काही मिनिटांत. दोन प्रकार असतात. एकात पेशंट गुळणी करून थुंकतो. त्यात सगळं तोंड मिसळतं, कोणता दात ते कळत नाही. दुसऱ्यात त्या इम्प्लांटच्या खाचेतूनच नमुना घेतात. तुम्हाला हवा तो दुसरा.

नमुना बिघडायला फार वेळ लागत नाही. आधी जागेभोवती कापसाच्या गुंडाळ्या लावून लाळ अडवा. हिरडीच्या वरचा प्लाक हिरडीला स्पर्श न करता काढा. तो पट्टीला लागला तर निकाल प्लाकचा येतो. हलक्या हवेने कोरडं करा, खाचेत हवा मारू नका. कागदी पट्टी किंचित अडथळा लागेपर्यंतच, एकदोन मिमी आत, आणि ३० सेकंद तशीच. पट्टीवर रक्ताचा लालसर डाग आला तर ती फेकून द्या, कारण रक्तातल्या न्यूट्रोफिलमुळे आकडा फुगतो. त्याच जागी लगेच दुसरी पट्टी लावूनही उपयोग नाही, खाच दुखावलेली असते. दुसरी जागा घ्या किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. याच कारणासाठी मिरजच्या सरांनी द्राव प्रोबिंगच्या आधी घ्यायला सांगितलंय.

द्राव किती आला तेही मोजता येतं. संशोधनात पेरिओट्रॉन नावाचं यंत्र पट्टीच्या ओलाव्यावरून आकारमान देतं. जुनी रीत म्हणजे कागदावर निनहायड्रिन लावून जांभळी झालेली लांबी मोजणं. सूज वाढली की द्राव वाढतो, हे दात आणि इम्प्लांट दोन्हीकडे. पण द्राव एका मायक्रोलिटरच्या आतबाहेरच असतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी पंखा चालू ठेवून पट्टी हातात धरली तर मोजण्याआधीच ती सुकते. पंखा बंद, पट्टी लगेच यंत्रात किंवा झाकणाच्या नळीत. नमुना लॅबला पाठवायचा असेल तर नळी बर्फाच्या पॅकसह थर्मोकोलच्या डब्यात; जत-आटपाडीहून एसटीने पार्सल येणार असेल तर हे विशेष महत्त्वाचं. किट घेतानाही पाकिटावरची तापमानाची मर्यादा वाचा आणि कुरिअरने उन्हात पडून आलेलं नाही ना ते विक्रेत्याला विचारा.

आता उपयोग. रक्त आहे, खोली तेवढीच, अशा जागी पट्टी नकारात्मक आली तर निदान बदलत नाही. रक्त एखाद्या ठिपक्याहून जास्त आहे म्हणजे म्युकोसायटिस आहेच आणि सफाई करायचीच. सकारात्मक आली तर फेरतपासणी तीनऐवजी दोन महिन्यांनी ठेवा आणि खोलीवर बारीक नजर ठेवा, इतका बदल पुरेसा. विडी ओढणाऱ्या पेशंटमध्ये, जिथे रक्ताची खूण दबलेली असते, तिथे ती खरी कामाला येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत करू नका, जखम भरताना हे एन्झाइम वाढलेलंच असतं. नुसत्या पट्टीवरून पेरी-इम्प्लांटायटिस म्हणू नका आणि नुसत्या पट्टीवरून निर्धास्तही होऊ नका. ज्याचं रीतसर प्रोबिंग आणि एक्स-रे अजून झालेलं नाही, त्या पेशंटचे पैसे आधी त्यावर खर्च व्हावेत हे माझं स्पष्ट मत आहे.

सातारा_हायजिन

घरी पेशंटने काय बघायचं ते चार ओळींत सांगा म्हणजे दोन तपासण्यांच्या मधला काळ मोकळा जात नाही. इम्प्लांट सुजलं तरी सुरुवातीला दुखत नाही, हे वाक्य प्रत्येकाला ऐकवा. ‘दुखलं की येते’ म्हणणाऱ्या मावशी येतात तेव्हा हाड गेलेलं असतं. इंटरडेंटल ब्रश बाहेर काढल्यावर गुलाबी झालाय का, तोंडाला वास येतोय का, हिरडी दाबल्यावर खारट-कडू काही येतं का, कॅपपाशी आधी नसलेली फट दिसतेय का. ब्रश आठवडाभर रोज गुलाबी येत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा. रक्त दिसलं म्हणून ब्रश बंद करू नका हेही सांगावंच लागतं, कारण बहुतेक जण नेमकं तेच करतात.

इम्प्लांटसाठी ब्रशची तार प्लास्टिकचं आवरण असलेली हवी. माप तुम्ही खुर्चीत बसवून ठरवा. फटीत किंचित अडून गेला पाहिजे. सैल गेला तर घासत नाही, जोर लावावा लागला तर तार वाकते. हाड खाली जाऊन खडबडीत आटे उघडे पडले असतील तिथे साधा फ्लॉस देऊ नका. त्याचे धागे आट्यांत अडकून राहतात आणि त्यानेच सूज येते. तिथे ब्रश किंवा पाण्याच्या झोताचं यंत्र, कमी दाबावर.

हुरड्याच्या दिवसांत एक वेगळीच सूज दिसते. ज्वारीचं कूस हिरडीच्या खाचेत शिरतं आणि एकदोन दिवसांत त्या एकाच जागी लाल, दुखरी गाठ येते, कधी पूही येतो. उसाची चोय आणि मक्याच्या कणसाचं टरफलही असंच. आधीच्या नोंदीत ती जागा स्वच्छ असेल, सूज अचानक आली असेल आणि दुखत असेल, तर आधी खाच सलाइनने धुऊन बारकाईने पाहा. कूस निघालं की उतरते. आठ-दहा दिवसांत पूर्ण उतरली नाही तर मग वरच्या सगळ्या पायऱ्या.

हळद-मीठ चोळणारे पुष्कळ आहेत, सांगलीत तर हळदीला तोटा नाही. त्याने सूज गेल्यासारखी वाटते, पण काठावरचा प्लाक तसाच राहतो आणि पिवळ्या रंगामुळे आपल्याला हिरडी नीट दिसत नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगा. मिश्रीचंही तसंच, निदान तपासणीच्या सकाळी नको. आणि ती कायमची सोडण्याबद्दल प्रत्येक भेटीत बोला, एकदा सांगून होत नाही. क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांपुरतंच. पेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा परिणाम कमी होतो. तपासणीच्या आधी गुळण्या करून हिरडी दोन दिवस बरी दाखवणारेही असतात, त्यामुळे ‘शेवटची गुळणी कधी केली’ हे विचारून चार्टवर लिहा.

तासगाव_दंत

फार उपयोगी. शेवटचं विचारतो: किती महिन्यांनी बोलवायचं, आणि तुमच्याकडे कधी पाठवायचं?

मिरज_पेरिओ

पूर्वी पेरिओडॉन्टायटिस (दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरडीरोग) झालेला, धूम्रपान करणारा, किंवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ७ च्या वर राहणारा मधुमेही असेल तर दर ३ महिन्यांनी. यातलं काही नसेल, रक्त नसेल, सफाई चांगली असेल तर ६ महिन्यांनी. एक्स-रे दर भेटीला नको. कॅप बसवली त्या दिवशी एक, साधारण वर्षाने दुसरा, कारण पहिल्या वर्षात हाड थोडं खाली बसतंच, २ मिमीपर्यंत. पुढे खोली वाढली, पू दिसला किंवा कॅप हलली तरच.

म्युकोसायटिस तुम्हीच सांभाळू शकता. सफाई शिकवा, हिरडीवरचं-खालचं साफ करा, मॅडमनी सांगितलेली चार कारणं तपासा, २-३ महिन्यांनी बघा. इम्प्लांटभोवती एखादाच ठिपका आणि पू नाही, एवढं गाठलं की उपचार यशस्वी धरा. नुसत्या म्युकोसायटिसला अँटिबायोटिक देऊ नका.

नीट सफाई दोनदा होऊनही रेघेसारखं रक्त येत राहिलं, पहिल्या नोंदीपेक्षा खोली वाढली आणि आरव्हीजीवर हाड खाली दिसलं, किंवा पू थांबत नसेल, तर पाठवा. सांगलीतल्या डेंटल कॉलेजांत किंवा कऱ्हाडला पेरिओ (हिरडीरोग) विभागात पाठवलंत तरी चालेल. सोबत आकड्यांचा तक्ता, दोन्ही आरव्हीजी आणि इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी लिहिलेलं कार्ड द्या. कार्ड नसेल तर जिथे बसवलं तिथे पेशंटच्या नातेवाइकांना फोन करायला लावून स्टिकरचा फोटो मागवा. कंपनी कळली नाही तर कॅप काढायला ड्रायव्हर कोणता, इथेच आमचा पहिला दिवस जातो.